सव्वा महिन्यानंतर

बाळंतिणीसाठी मराठी घराने जितके नियम केले, तितके दुसऱ्या कुणासाठी क्वचितच केले असतील. पहिले बाळंतपण माहेरी. खोली वेगळी, बाज वेगळी, बाजेखाली शेगडी. सकाळी तेल लावून न्हाऊमाखू घालायचे, मग ओवा, वेखंड आणि बाळंतशेपांची धुरी. पानात डिंकाचे लाडू, आळीवाची खीर, मऊ भात आणि वर तूप. पाचव्या दिवशी पाचवी, सहाव्या रात्री सटवाई, बाराव्या दिवशी बारसे. सव्वा महिना होईपर्यंत बाळंतिणीने थंड पाण्यात हात घालायचा नाही, जड उचलायचे नाही, वाऱ्याला बसायचे नाही. ऐपतीप्रमाणे आणि जातीप्रमाणे यात फरक पडत; मोलमजुरी करणाऱ्या घरात सव्वा महिन्याचे दहा-बारा दिवसही होत. तरीही नियम काय, हे गावात सगळ्यांना ठाऊक असे आणि तो मोडला तर चार बायका बोलूनही दाखवत. नवी आई म्हटले की आपल्याला आठवते ती ही चाळीस दिवसांची परंपरा. पण ती ज्या बाळासाठी रचली होती, ते ठेवाल तिथे राहणारे बाळ होते. पुढे चार-पाच महिन्यांत तेच बाळ पालथे पडते, सात-आठ महिन्यांत रांगते, वर्षाच्या आगेमागे उभे राहते आणि चुलीपासून विहिरीच्या काठापर्यंत सगळीकडे पोचू पाहते. महाराष्ट्रातल्या नव्या आईच्या दिनक्रमाचा इतिहास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो. माझे म्हणणे असे की, या दुसऱ्या काळासाठी समाजाने नियम कधी केलेच नाहीत, फक्त माणसे गृहीत धरली. आणि कामाच्या रेट्यात ती माणसे बाजूला झाली, तेव्हा त्याची किंमत बाळांनी जिवानिशी मोजली.

यावर कुणी म्हणेल, सव्वा महिन्यानंतरही विधी होतेच की. उष्टावण होते, जावळ होते, संक्रांतीला बोरन्हाण होते. श्रावणातल्या शुक्रवारी भिंतीवर जिवतीचा कागद लावून आया लेकरांच्या आयुष्यासाठी पूजा करत आणि आजही करतात. हे खरेच आहे, आणि या विधींचे मोलही कमी नाही. बाळ जगेल की नाही याची धास्ती किती खोल होती, हे त्यांतून कळते. मात्र या विधींत आणि सव्वा महिन्याच्या नियमांत एक मूलभूत फरक आहे. सव्वा महिन्याचे नियम आईचे काम काढून घेतात: अमुक तिने करायचे नाही, म्हणजे ते दुसऱ्या कुणीतरी करायचे. उष्टावण किंवा जिवती बाळाचे कौतुक करते, त्याला आशीर्वाद देते, पण आईच्या डोक्यावरचा हंडा खाली उतरवत नाही. रांगत्या बाळाच्या आईने दुपारपर्यंत पाणी भरू नये, असा नियम कुठल्याच घरात नव्हता. उलट बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की लेक सासरी परत यायची आणि पहाटेच्या जात्यापासून रात्रीच्या झाकपाकीपर्यंतचे काम पुन्हा तिच्या वाट्याला यायचे.

जुन्या ग्रंथांतही हेच गृहीतक दिसते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागार कसे असावे याचे वर्णन आहे, तसेच पुढे मुलाच्या खोलीचे आणि खेळण्यांचेही आहे. खेळणी रंगीत आणि आवाज करणारी असावीत, जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात जातील एवढी लहान नसावीत, मुलाला भीती वाटेल अशी नसावीत. हे लिहिणाऱ्याने हातापायांनी सतत काहीतरी करणारे मूल बारकाईने पाहिले होते यात शंका नाही. काश्यपसंहितेत तर वर्षाचे होऊनही पायांवर न चालणाऱ्या मुलाच्या विकाराला ‘फक्क’ असे नाव दिले आहे, आणि त्याला चालण्याचा सराव व्हावा म्हणून तीन चाकांचा लाकडी गाडा करून घ्यायला सांगितले आहे. आपल्या घरांतला पांगुळगाडा त्याच जातीचा. पण या ग्रंथांत मुलाजवळ बसलेली दिसते ती धात्री, म्हणजे दूध पाजणारी दाई. तिचे वय, स्वभाव, दूध, आरोग्य यांची परीक्षा कशी घ्यावी हे तपशिलाने सांगितले आहे. म्हणजे शास्त्राने मूल पाहिले, त्याची खेळणी पाहिली, त्याला सांभाळणारी बाईही पाहिली. पण ती बाई परवडणाऱ्या घरातच. शेतावर जाणाऱ्या आईने रांगते मूल कुठे ठेवावे, हा प्रश्न त्या ग्रंथांच्या कक्षेत येत नव्हता.

तो प्रश्न गावाने आपल्या पद्धतीने सोडवला, आणि त्यासाठी दोन गोष्टी वापरल्या: कापड आणि माणूस. कापड म्हणजे जुन्या लुगड्याची झोळी. घरात ती तुळईला बांधायची, रानात बाभळीच्या किंवा आंब्याच्या फांदीला. झोळीत मूल गुरफटून राहते, बाहेर पडत नाही, आणि तिला बांधलेली दोरी दुसरे काम करता करता ओढता येते. पण झोळी सहा-सात महिन्यांपर्यंतच कामाची. मूल उठून बसायला लागले की ते झोळीतून डोकावते आणि पडते. तिथून पुढे माणूस लागतो. हा माणूस कोण होता, हे नीट पाहायला हवे, कारण एकत्र कुटुंबाविषयीचा आपला सगळा हळवेपणा या उत्तरावर उभा आहे. घरात आजी असायची हे खरे. पण आजी हिंडतीफिरती असली तर तीही कामावरच असायची. वरच्या जातींच्या घरांत मूल सांभाळायचे ते पुष्कळदा एखाद्या विधवा आत्याने किंवा मावशीने, जिला नाही म्हणण्याचा हक्क नव्हता. कष्टकरी घरांत ते सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर असायचे. म्हणजे आईला जी मोकळीक मिळत होती, ती घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या आयुष्यातून काढलेली होती. थोरल्या बहिणीची शाळा या कडेवरच्या ओझ्यापायी सुटते, हे तर स्वतंत्र भारताच्या सरकारनेही मान्य केले: 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बालसंगोपनाच्या सोयीकडे मुलींच्या शिक्षणाला आधार म्हणूनही पाहिले गेले.

तरीही ही व्यवस्था चालत होती, कारण घर आणि काम यांतले अंतर हाकेचे होते. शेतात निंदणी करणारी बाई बांधावर येऊन मुलाला पाजू शकत होती. हे अंतर तुटले ते मुंबईत. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी 1856 मध्ये सुरू झाली, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा सगळा भाग गिरणगाव झाला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेल्या पुरुषांमागून बायकाही आल्या. काही नवऱ्याबरोबर, काही नवरा वारल्यावर किंवा त्याने टाकल्यावर एकट्या. सूत गुंडाळण्याची वाइंडिंग आणि रीलिंग ही खाती मुख्यतः बायकांची. 1920 च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांत पाचांत एक बाई होती. बायकांच्या कामाचे तास 1891 च्या फॅक्टरी कायद्याने दिवसाला अकरावर आणले आणि 1922 च्या कायद्यानेही ते अकराच ठेवले. भोंगा झाला की गिरणीचा दरवाजा बंद. आत गेलेली आई मनात येईल तेव्हा बाहेर येऊ शकत नव्हती. मागे खोलीत राहणारे मूल आता बांधाएवढ्या अंतरावर नव्हते. आणि गावाकडे ज्या आजीवर, आत्यावर, थोरल्या मुलीवर भरवसा होता, त्यांतल्या बहुतेक गावालाच राहिल्या होत्या.

खोलीही एकच. त्या काळी सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली सुमारे 160 चौरस फुटांची, आणि त्याआधीच्या खासगी चाळींत तेवढीही जागा नसे. त्याच खोलीत चूल, मोरी, अंथरूण आणि पुष्कळदा पोटभाडेकरूही. रांगत्या मुलासाठी यापेक्षा धोक्याची जागा शोधून सापडणार नाही. 1921 मध्ये मुंबईतला बालमृत्यूचा नोंदलेला दर हजार जन्मांमागे साडेसहाशेच्या पुढे गेला. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तर तो आठशेच्याही वर दाखवला गेला. हे आकडे वाचून पहिल्यांदा विश्वासच बसत नाही, आणि तो पूर्ण बसूही नये. बाळंतपणासाठी बाई कोकणात किंवा घाटावर माहेरी जायची. जन्माची नोंद झालीच तर ती गावच्या दप्तरात. तीन-चार महिन्यांनी ती बाळाला घेऊन मुंबईला परतायची आणि बाळ दगावले तर मृत्यूची नोंद मुंबईच्या खात्यावर चढायची. भागाकारात वरचा आकडा पूर्ण आणि खालचा अपुरा, असा हा हिशेब होता. खरा दर याहून कमी असणार, असे तेव्हाचे जाणकारही सांगत. पण ही दुरुस्ती मान्य केली तरी तिच्यातूनच एक गोष्ट उघड होते. माहेरची परंपरा गिरणीच्या काळातही टिकून होती, सव्वा महिना पाळला जात होता, बाळ त्यातून तगून येत होते. घात व्हायचा तो नंतर, आई कामावर रुजू झाल्यावर. आकडा फुगला, तोही याच क्रमामुळे फुगला.

आई कामावर असताना बाळाचे काय होत होते, याचा सर्वांत बोलका पुरावा एका सरकारी अहवालात आहे. 1919 मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने मातांच्या संरक्षणाचा करार केला. भारत सरकारने तो लगेच स्वीकारला नाही, पण बायकांच्या बाळंतपणाआधीच्या आणि नंतरच्या कामाची पाहणी करण्याचे काम अंगावर घेतले. त्यासाठी मुंबई सरकारने डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांची नेमणूक केली. त्यांचा अहवाल 1922 मध्ये सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये आला. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या शंभर मुलांतील अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. या अफूच्या बारीक गोळीला ‘बाळागोळी’ म्हणत. ती स्वस्त होती, सहज मिळत होती, कारण अफूची विक्री सरकारी परवान्याने चालत होती आणि तिच्या महसुलावर सरकारचेही पोट होते. सकाळी भोंग्याआधी एक गोळी दिली की मूल दिवसभर गुंगीत पडून राहायचे. रात्री पुन्हा दिली की थकलेल्या आईला झोप मिळायची. अफूने भूक मरते, पोट बांधले जाते, मूल दूध मागायचे थांबते आणि हळूहळू वाळत जाते. नंतर साध्या तापानेही ते टिकत नाही. ठेवाल तिथे न राहणाऱ्या बाळाला ठेवाल तिथे राहणारे करण्याचा हा उपाय होता. झोळीच्या दोरीने आणि बहिणीच्या कडेने जे काम केले होते, ते आता गोळीकडे आले.

हा सगळा अडाणीपणाचा परिणाम होता, असे त्या काळी सुशिक्षितांनी म्हटले आणि आजही म्हटले जाईल. बाळाला गुटी देण्याची रीत आपल्याकडे होतीच. सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, हिरडा, जायफळ उगाळून देताना जायफळाने मूल शांत झोपते हे आयांना ठाऊक होते. त्याच वाटेने पुढे अफू आली, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्याचा अंश आहे. अफू गावाकडेही दिली जात होती आणि ती वापरणाऱ्या सगळ्याच बायका गिरणीत जात नव्हत्या. पण गुटी देताना प्रत्येक जिनसाचे किती वेढे उगाळायचे हे बाळाच्या वयाप्रमाणे ठरलेले असे आणि जायफळाच्या बाबतीत आजी हात आखडताच घेई. जिथे मात्रेची एवढी जाण होती, तिथे शंभरातील अठ्ठ्याण्णव आया अजाणतेपणी अफू देत होत्या हे पटत नाही. दुसरा पुरावा विलायतेतला आहे, आणि तो अधिक निर्णायक आहे. लँकेशरच्या गिरण्यांतल्या इंग्रज बायकाही ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ नावाचे अफूचे गोड औषध बाळांना पाजत. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस मिळेनासा झाला, तिथल्या गिरण्या बंद पडल्या आणि कामगारांवर उपासमारीची पाळी आली. डॉ. एडवर्ड स्मिथ यांना सरकारने पाहणीसाठी पाठवले. त्यांना आढळले की गिरणी बंद पडल्यामुळे आयांना बाळांना अंगावर पाजायला सवड मिळाली आहे आणि ते अफूचे औषध मागे पडले आहे. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात हा अहवाल आवर्जून नोंदवला.  बायका त्याच, ज्ञान तेवढेच, गरिबी आधीपेक्षा जास्त. बदलला तो फक्त वेळ. वेळ मिळाला आणि अफू सुटली. अफूचे कारण आईच्या डोक्यात नव्हते, तिच्या दिवसाच्या आखणीत होते.

सुधारकांनी आणि कायदे करणाऱ्यांनी यातून काय घेतले? त्यांनी बाळंतपण पाहिले, पुढचे वर्ष पाहिले नाही. कामगार नेते ना. म. जोशी यांनी 1924 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मातृत्व लाभाचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. मुंबई कायदेमंडळात रावबहादूर असवले यांनी तसेच विधेयक आणले आणि 1929 मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. बाळंतपणानंतर चार आठवडे बाईला कामावर ठेवायला बंदी, आणि तेवढ्या व आधीच्या थोड्या काळासाठी रोख भत्ता. भारतातला हा पहिला कायदा, आणि त्याचे श्रेय मोठे आहे. पण त्याची लांबी पाहा. चार आठवडे म्हणजे सव्वा महिन्याहूनही कमी. परंपरेने जे आधीच सांभाळले होते, तेच कायद्याने पुन्हा सांभाळले. जिथे परंपरा गप्प होती, तिथे कायदाही गप्प राहिला. या विधेयकावर 28 जुलै 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भाग सरकारने उचलायला हवा, असे सांगून त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. त्या भाषणातला हा मुद्दा पुढच्या शंभर वर्षांच्या चर्चेत मध्यभागी असायला हवा होता. तो बाजूला पडला.

तो बाजूला पडल्याचा परिणाम लवकरच दिसला. खर्च एकट्या मालकाच्या अंगावर आला, तोही फक्त बाईमुळे. याच सुमारास मंदी आली, गिरण्यांत ‘रॅशनलायझेशन’, म्हणजे कमी माणसांकडून जास्त काम करून घेणे, सुरू झाले, आणि रात्रपाळीवर बायकांना बंदी असल्यामुळे दोन पाळ्यांच्या कारभारात त्या मालकांना गैरसोयीच्या वाटू लागल्या. गिरणीतल्या बायकांचा वाटा घसरत गेला आणि 1970 च्या दशकापर्यंत अगदी नाममात्र राहिला. इतिहासकार राधा कुमार यांनी दोन महायुद्धांमधल्या काळातल्या मुंबईच्या गिरणी स्त्रियांवर लिहिताना ही प्रक्रिया उलगडून दाखवली आहे. इथे दुसरा आक्षेप पुढे येतो: संरक्षण दिले की नोकरी जाते, तेव्हा कायद्याने यात पडूच नये. हा आक्षेप वरवर व्यवहारी वाटतो, पण इतिहास त्याच्या विरुद्ध बोलतो. बायकांची संख्या घसरण्याला यंत्रे, मंदी आणि पाळ्यांची आखणी यांचाही हातभार होता. सगळे खापर भत्त्यावर फोडता येत नाही. आणि जेवढे फोडता येते, तेवढे भत्त्यावर फोडायचे नाही, भत्ता कुणाच्या खिशातून गेला यावर फोडायचे. खर्च सर्वांत वाटला गेला तर एका बाईला कामावर घेणे महाग पडत नाही. 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्याने वर्गणीच्या रूपाने हेच केले, पण ठरावीक पगाराच्या आतल्या कामगारांपुरते.

पाळणाघराची कथाही अशीच आहे. मोजक्या गिरण्यांनी आपणहून पाळणाघरे काढली, पण सुरुवातीला बायका तिथे मुले ठेवायला कचरत. कुणाला दृष्ट लागण्याची भीती, कुणाला साथीची, कुणाला दुसऱ्या जातीच्या बाईच्या हातचे मुलाने खाण्याची. बायकांनाच नको आहे, असा निष्कर्ष काढायला मालकांना हे पुरेसे होते. 1934 च्या फॅक्टरी कायद्याने मोठ्या संख्येने बायका असलेल्या कारखान्यांत पाळणाघराची खोली सक्तीची करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. 1948 च्या कायद्याने पन्नासहून अधिक बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले आणि 1976 मध्ये ही मर्यादा तीसवर आणली. पण मोजायच्या त्या बायकाच. दोन हजार पुरुष आणि पंचवीस बायका असलेल्या कारखान्याला पाळणाघराची गरज नाही, कारण पुरुषाला मूल असले तरी ते त्याच्या हिशेबात धरायचे नाही, असा त्या कलमाचा सरळ अर्थ होता. मालकाने बायकांची संख्या मर्यादेच्या आत ठेवावी, असे प्रलोभनही त्यातच होते. हे बदलायला 2017 उजाडले. मातृत्व लाभ कायद्याच्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने पन्नास कर्मचारी, बाई असो वा पुरुष, असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे केले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. कायद्याच्या भाषेत रांगते मूल पहिल्यांदा केवळ आईचे राहिले नाही.

आता सर्वांत लोकप्रिय आक्षेपाकडे यायला हवे: आमच्या आज्यांनी आठ-आठ मुले वाढवली, तीही कसल्या सोयीशिवाय, मग आजच्या आईला एका मुलाचा एवढा व्याप का? या वाक्यात दोन गोष्टी गाळलेल्या आहेत. पहिली, आठांपैकी किती जगली. जिवतीची पूजा, सटवाईची भीती, कानशिलाची तीट या सगळ्यांच्या मुळाशी हाच अनुभव होता की जन्मलेले मूल हाती लागेलच याची खात्री नाही. महाराष्ट्रातला बालमृत्यूचा दर 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे हजारी 16 होता. शंभर वर्षांपूर्वीचा मुंबईचा आकडा कितीही कमी करून घेतला तरी या दोन जगांची तुलना होत नाही. दुसरी गाळलेली गोष्ट म्हणजे ती मुले आजीने एकटीने वाढवलेली नव्हती. थोरलीने धाकट्याला कडेवर घेतले होते, विधवा नणंदेने रात्री जागवल्या होत्या, शेजारणीने हाक मारल्याबरोबर ओ दिली होती. त्या सगळ्यांची नावे पुसून श्रेय एका बाईच्या सोशिकपणाला दिले, की तेच प्रमाणपत्र आजच्या आईपुढे धरता येते. हिरकणीच्या दंतकथेचेही आपण हेच केले. बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीचे धाडस आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगितले, बुरुजाला तिचे नाव दिले, आज एसटी स्थानकांतल्या स्तनपानाच्या खोल्यांनाही हिरकणी कक्ष म्हणतो. पण दूध विकायला रोज गड चढणाऱ्या बाईचे बाळ तिच्या मागे कुणाच्या हवाली असायचे, हे त्या कथेत सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

आजचे चित्र या इतिहासाच्या उजेडात पाहिले तर त्यातली रिकामी जागा लगेच ओळखू येते. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर नेली. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले तर नंतर हाती अठरा राहतात. म्हणजे बाळ पालथे पडू लागते न लागते तोच आई कामावर हजर. सगळी रजा नंतर घेतली तरी ती रांगण्याच्या तोंडावर संपते. विम्याच्या कक्षेत न येणाऱ्यांसाठी या रजेचा पगार पुन्हा मालकाच्याच अंगावर, 1929 सारखाच. अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, तिच्यामागे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला केलेल्या बालशिक्षणाच्या कामाचा वारसा आहे. पण मूल दिवसाचे काही तास तिथे बसते ते साधारण तीन वर्षांचे झाल्यावर. त्याआधी त्याच्या वाट्याला येते लस, वजनाची नोंद आणि घरी न्यायचा आहार. आणि ज्यांना कुठलीच रजा नाही, त्यांची अवस्था गिरणगावापेक्षा फार वेगळी नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कामाला न गेल्यास खाडा पडतो आणि तो अंगावरच्या पैशात वाढतो. त्यामुळे बाळंतीण काही दिवसांतच फडात उतरते, आणि तिचे मूल फडाच्या कडेला झोळीत किंवा पाचटावर असते. त्याच्याजवळ बसलेली असते ती शाळा सोडून आलेली थोरली बहीण.

केंद्र सरकारने महिलांसाठीच्या ‘मिशन शक्ती’ कार्यक्रमाखाली ‘पाळणा’ योजना आणली आहे आणि तिच्यात सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघरे चालवण्याची तरतूद आहे. दिशा योग्य आहे, कारण इथे वयाची अट रांगत्या बाळापासून सुरू होते. पण ती योजना म्हणून राहिली तर चार वर्षांनी नाव बदलेल आणि निधी आटेल. तिला हक्काचे रूप द्यायला हवे, खर्च मालक, सरकार आणि समाज यांत वाटला जायला हवा, आणि फडावर, वीटभट्टीवर, बांधकामावर ती आधी पोचायला हवी, कारण तिथे पर्याय झोळीचा किंवा बहिणीच्या कडेचाच आहे. यावर शेवटचा आक्षेप असा की, मूल सांभाळणे ही घराची गोष्ट आहे, तिथे सरकारने कशाला यावे. सरकार तिथे आधीच आलेले होते: अफूच्या दुकानाला परवाना देऊन, गिरणीचे तास ठरवून, रात्रपाळीचा नियम करून. आईचा दिवस कसा जाईल हे ज्यांनी ठरवले, त्यांनी तिच्या बाळाचा दिवस कसा जाईल याचीही जबाबदारी घेतली पाहिजे. सव्वा महिन्याची जबाबदारी आपल्या पूर्वजांनी घेतली आणि ती चांगली निभावली. त्यापुढच्या दोन-अडीच वर्षांची जबाबदारी घेणे हे आपल्या पिढीचे काम आहे, आणि त्यासाठी आईच्या सोशिकपणाचे गोडवे गाणे आधी थांबवावे लागेल.